टायमर चालू, सॉकेट गप्प

भिंतीवर लोखंडी डबा. डब्यात टायमर. टायमरचं घड्याळ फिरतंय, खूण सातवर आलीय, सातलाच पाटीचे दिवे लागायचे ठरलेत. आणि डब्याखालची दोन्ही सॉकेटं ठार गप्प. मलकापुरात कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्याला लागून दुकान, खानावळ किंवा चहाचं हॉटेल चालवणाऱ्याला हा देखावा नवा नाही. त्यानंतरचा संवादही ठरलेला असतो.

“मालक, करंट हाय का टायमरला?”

“हाय की! घड्याळ चालतंय न्हवं?”

या ‘हाय की’पायी सबंध संध्याकाळ जाते. घड्याळ चालतंय म्हणजे करंट आलाय, करंट आलाय म्हणजे तो सॉकेटात उतरलाच पाहिजे, उतरत नाही म्हणजे सॉकेट गेलं. तर्क इतका सरळ की शंका घ्यायचीही कुणाला गरज वाटत नाही. सॉकेट बदलतात. नवं सॉकेटही गप्प. मग पाटीपर्यंतची वायर बदलतात, मग पाटीतला एलईडीचा ड्रायव्हर, आणि शेवटी ज्यानं पाटीवरची अक्षरं काढली त्या पेंटरला फोन जातो. ज्याचा भानगडीशी काडीचा संबंध नाही अशा एका तरी माणसाला फोन केल्याशिवाय आपल्याकडं विजेचं काम पुरं होत नाही.

मलकापूर म्हणजे शाहूवाडी तालुक्यातलं, हे सांगून ठेवलेलं बरं. बुलढाण्याचं मलकापूर मुंबई–नागपूर रेल्वेमार्गावर आहे. कराडजवळचं मलकापूर चोवीस तास नळपाणी योजनेमुळं नाव कमावून बसलंय. कोल्हापूरच्या मलकापुरात रेल्वे नाही. चोवीस तास पाणी मात्र पावसाळ्यात आभाळच पुरवतं. पश्चिमेला आंबा घाट, तिकडंच विशाळगड, आणि घाटमाथ्यावर अडलेले ढग आपला सगळा माल याच पट्ट्यात उतरवतात. ऑनलाइन टायमर मागवताना पिनकोड चुकला तर टायमर आधी बुलढाण्याचं कोरडं ऊन खाऊन येईल आणि मग इथं येऊन भिजेल. कंपनीनं त्याला कुठलं हवामान सोसायला बनवलंय, ते तिलाही सांगता यायचं नाही.

ओल डब्यात शिरतेच. तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो, स्क्रू गंजतात, आणि पावसात उबदार जागा शोधणाऱ्या मुंग्यांना टायमरचा डबा पसंत पडतो. रिलेच्या काँटॅक्टच्या दोन टिकल्यांमध्ये एक मुंगी चेंगरली तरी पुरतं. टिकल्या टेकत नाहीत आणि करंट पलीकडं जात नाही. पाल अडकली तर प्रकरण आणखी वरच्या पातळीवर जातं, कारण मग नुसता टायमर नव्हे, एमसीबीही पडतो आणि डबा उघडणारा माणूस दोन पावलं मागं उडतो.

तरी सगळं पावसावर ढकलणं बरं नव्हे. कोरड्या ठणठणीत डब्यातला, नुकता खोक्यातून काढलेला टायमरही अगदी असाच फसवतो.

त्याचं कारण त्याच्या पोटात आहे. टायमर म्हणजे एक घड्याळ आणि एक स्विच. छप्पर एक, पण दोन सख्ख्या भावांच्या चुली वेगळ्या. घड्याळाला लागणारी वीज अगदी किरकोळ; तिच्यासाठी फेज आणि न्यूट्रल अशी दोन टर्मिनलं. स्विचची टर्मिनलं तीन: कॉमन, एनओ आणि एनसी. वेळ झाली की कॉमन जाऊन एनओला चिकटतं, वेळ संपली की सोडून एनसीला चिकटतं. एवढंच त्याचं काम. आता मेख अशी की पुष्कळ टायमरांत कॉमनचा आणि घड्याळाच्या फेजचा आतून काहीही संबंध नसतो. घड्याळाच्या चुलीवर पुरणपोळी शिजली तरी स्विचच्या ताटात कोर पडत नाही. फेजच्या टर्मिनलवरून कॉमनवर बाहेरून एक छोटा तुकडा मारावा लागतो. त्याला वायरमन लूप म्हणतात. लांबी फार तर दोन इंच. तो नसला की सात वाजता घड्याळ इमानानं फिरतं, आत ‘कट्ट’ असा आवाज येतो, स्विच आपलं काम चोख करतो, आणि जोडलेल्या काँटॅक्टमधून पाठवायला त्याच्याकडं काहीच नसतं.

कारखानदारानं हे खोडी म्हणून केलेलं नाही. स्विच घड्याळापासून सुटा ठेवला की घड्याळ एका फेजवर आणि दिवे दुसऱ्या फेजवर चालवता येतात, नाहीतर त्याच स्विचनं चोवीस व्होल्टचं एखादं यंत्रही चालू-बंद करता येतं. सोय मोठी आहे. पण सोय सांगणारं चित्र टायमरच्या कुशीवर तांदळाएवढ्या आकारात छापलेलं असतं, आणि ती कूस डब्यात बसवल्यावर भिंतीकडं जाते. काही मॉडेलांत हा लूप आतूनच दिलेला असतो. म्हणून जुना टायमर काढून नवा बसवताना खरी फजिती होते. जुन्याला चार वायरी होत्या, नव्याला चारच जोडल्या, एक टर्मिनल मोकळं राहिलं. ‘कंपनीनं एक जास्तीचं दिलंय’ म्हणून कुणी त्याच्याकडं ढुंकून बघत नाही.

लूप मारला, पण बाहेर जाणारी वायर एनओऐवजी एनसीला गेली, तर आणखी मजा. दिवसभर भर उन्हात पाटी झगमगते आणि बरोबर सात वाजता अंधार होतो. अशा वेळी वायरी न बदलता घड्याळच बारा तास पुढं करून ठेवणारे महाभाग आहेत. त्यानंतर घड्याळात वेळ चुकीची, स्विच उलटा, आणि दिवे बरोबर. पुढच्या वायरमननं या दोन चुकांपैकी एकच दुरुस्त केली तर त्याच्या नावानं शिमगा ठरलेला.

चुकायची तिसरी जागा स्क्रूखाली. वायर सोलताना प्लॅस्टिक जेमतेम निघतं, टर्मिनलात वायर खोल जाते, आणि स्क्रू तांब्यावर न बसता प्लॅस्टिकवर आवळला जातो. ओढून बघितलं तर वायर घट्ट. डोळ्यांना सगळं नीटनेटकं, इतकं नीटनेटकं की फोटो काढावा. या एका कारणासाठी प्रत्येक स्क्रू सोडून पुन्हा आवळणारा वायरमन हळू काम करतो म्हणून त्याला नावं ठेवू नयेत.

या तपासाचं पहिलं हत्यार म्हणजे टेस्टर. खिशाला लावलेला, पेचकसाचं काम करून टोक झिजलेला. टेस्टरमधला निऑनचा दिवा पेटायला इतका कमी करंट लागतो की तो माणसाच्या अंगातून जमिनीत उतरतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही. त्यामुळंच टेस्टर भोळा आहे. सॉकेटच्या एका भोकात घातला, पेटला. दुसऱ्या भोकात घातला, तिथंही पेटला. भोवती जमलेली मंडळी एकदम गंभीर होतात.

“दोन्हीकडं करंट! डबल आलाय!”

“म्हणून तर लागंना. जास्त झालाय.”

जास्त झालेलं नसतं. न्यूट्रल तुटलेला असतो. त्याच लाइनवर दुसरा एखादा दिवा किंवा पंखा जोडलेला असला की फेज त्याच्यातून फिरून तुटक्या न्यूट्रलवर येऊन थांबतो, आणि टेस्टर तिथंही पेटतो. पुढं जायला वाट नाही, म्हणून दिवा लागत नाही. हाताला मात्र दोन्ही भोकं सारखीच घातक. टायमरच्या डब्यात हे वरचेवर घडतं, कारण तिथं सगळ्यांचं लक्ष फेजवर असतं. न्यूट्रल कुठंतरी चार वायरींच्या पिळात टेप गुंडाळून कोंबलेला असतो आणि पावसाळ्यात ती टेप सुटते.

डिजिटल मीटर आणला की वाटतं, आता शास्त्र आलं. तो ऐंशी, नव्वद, शंभर असे व्होल्ट दाखवतो. हा आकडा पुष्कळदा निव्वळ भुताचा असतो: शेजारून जाणाऱ्या जित्या वायरीमुळं सुट्या वायरीवर हलकंसं व्होल्टेज बसतं, आणि मीटर इतका हळवा की तेही मोजतो. ‘व्होल्टेज कमी येतंय’ असा निष्कर्ष निघतो आणि कुणीतरी स्टॅबिलायझरची किंमत विचारायला लागतं. या बाबतीत जुन्या वायरमनचा टेस्ट लँप श्रेष्ठ, असं म्हणायला हरकत नाही. होल्डर, त्यात साधा पिवळा बल्ब, होल्डरला दोन हातभर वायरी. एक टोक फेजला, दुसरं न्यूट्रलला. बल्बाला खरोखरचा करंट लागतो. भुताच्या व्होल्टेजवर तो पेटत नाही आणि तुटक्या न्यूट्रलला भुलत नाही. फक्त तो दोन वेगळ्या फेजांमध्ये लावायचा नाही. तिथं चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि बल्ब तोंडावर फुटतो. हे धडे वायरमन आपल्या पोऱ्याला तोंडी देतो. पोऱ्या ते दुसऱ्यांदा ऐकायच्या लायकीचा राहिला तर शिकतो.

इन्व्हर्टरनं या गोंधळात अलीकडं आपली भर घातलीय. लाईट गेल्यावर घड्याळ मागं पडू नये म्हणून कुणीतरी हुशारीनं घड्याळाचा फेज इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतो आणि पाटीचा कॉमन मेनवर ठेवतो, म्हणजे पाटीनं बॅटरी खाऊ नये. विचार उत्तम. कुठंही लिहून ठेवलेला नाही. पुढं सहा महिन्यांनी मेनचा तेवढाच एक एमसीबी पडतो, आत पंखा गरगरतोय, टीव्ही चालू आहे, टायमर टिकटिकतोय, आणि फक्त पाटी अंधारात. पंखा चालू असताना लाईट गेलेली असू शकते, हे मान्य करायला घरातलं कुणी तयार होत नाही. असा डबा उघडताना मेन पाडून भागत नाही, इन्व्हर्टरही बंद करावा लागतो. ते ज्याला ठाऊक नाही त्याला टायमरचं टर्मिनल समजावून सांगतं.

घड्याळाची बाजूही थोडी ऐकून घ्यायला हवी, कारण सगळ्यांचा राग शेवटी त्याच्यावरच निघतो. तबकडीच्या टायमरवर कडेनं ९६ दात असतात, प्रत्येक दात पंधरा मिनिटांचा. बाहेर ओढला की तेवढा वेळ चालू, आत ढकलला की बंद. साध्या मॉडेलांत ही तबकडी विजेच्या फ्रिक्वेन्सीवर फिरते. सेकंदाला ५० आवर्तनं असं गृहीत धरून दात मोजले जातात. अमेरिकेत हेन्री वॉरेन नावाच्या इंजिनिअरनं अशी घड्याळं काढली, तेव्हा वीजघरातलीच फ्रिक्वेन्सी डुगडुगती असल्यानं ती चुकायला लागली. म्हणून त्यानं १९१६ मध्ये बॉस्टनच्या वीजघरात एक मोठं घड्याळ बसवलं, त्याच्याकडं बघून जनित्रांचा वेग राखायला लावलं आणि आपली छोटी घड्याळं वाचवली. घड्याळ चुकतं म्हणून सबंध शहराची वीज दुरुस्त करून घेणारं दुसरं गिऱ्हाईक अजून कुणी पाहिलेलं नाही.

आपल्याकडं १९९०च्या दशकात फ्रिक्वेन्सी ४८ ते ५२ असे हेलकावे खायची. ४८ वर असताना असं घड्याळ तासाला जवळजवळ अडीच मिनिटं मागं पडतं. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन चालू झाली, दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाला जोडली गेली, आणि आता ग्रीडच्या नियमांत ४९.९० ते ५०.०५ एवढीच मुभा आहे. म्हणजे या बाबतीत मलकापूरचं घड्याळ आता चेन्नईच्या घड्याळाच्या पावलावर पाऊल टाकून चालतं. युरोपनं मात्र २०१८ मध्ये नवल केलं. सर्बिया आणि कोसोव्हो यांच्या भांडणात कुणी कमी पडलेली वीज भरून काढीना. फ्रिक्वेन्सी अगदी केसभर खाली राहिली, आणि जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत पंचवीस देशांतल्या ओव्हनवरची नि रेडिओवरची घड्याळं सहा मिनिटं मागं पडली.

शाहूवाडीत इतकं आंतरराष्ट्रीय कारण लागत नाही. वादळात फांदी पडते, लाईट जाते, तबकडी जागच्या जागी थांबते. लाईट आली की जिथं थांबली तिथून पुढं निघते, जणू मधे काही झालंच नाही. चार तास लाईट नव्हती तर सातचे दिवे रात्री अकराला लागतात. म्हणून क्वार्ट्झ आणि बॅटरीवाली मॉडेलं निघाली, शंभर-दीडशे तास वेळ धरून ठेवणारी. पण बॅटरी पूर्ण भरायला नव्या टायमरला दोन-तीन दिवस सलग वीज द्यावी लागते, आणि टायमर बसवायचा मुहूर्त नेमका पावसाळ्यात निघतो.

वेळ बरोबर असली तरी सूर्य ऐकत नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावर ठरलीय. मलकापूर तिथून बरंच पश्चिमेला असल्यानं इथला सूर्य घड्याळाच्या सरासरी चौतीस मिनिटं मागं असतो. त्यात नोव्हेंबरअखेरीचा सूर्यास्त आणि जुलैतला सूर्यास्त यांत तासाभराहून जास्त अंतर. दिवाळीत लावलेली वेळ जूनमध्ये बदलायची कुणाला आठवण राहात नाही, मग उजेडात दिवे पेटलेले बघून जाणारे-येणारे दुकानदाराला हाका मारून सांगतात. अंधारात बंद असले तर मात्र कुणी सांगत नाही.

शेतातल्या पंपाला घड्याळाचा असा जाच नाही, कारण तिथं घड्याळ निरर्थक ठरलंय. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, पाळीनं येणार. वेळ लावून उपयोग काय? म्हणून शेतकऱ्यानं ऑटोस्विच बसवला: वीज आली की मोटर आपोआप सुरू. सोय झाली, पण डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठून बसायला लागल्या आणि डीपीच बसायला लागला. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, अशी आवाहनं महावितरण वर्षानुवर्षं करत आलंय. शेतकरी ती वाचतो आणि ऑटोस्विच पुसून ठेवतो.

मोटरचा विषय निघालाच तर टायमरवरचा ‘१६ अँपिअर’ हा आकडा. तो गिझरसारख्या साध्या तापणाऱ्या लोडचा असतो. मोटर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि एलईडीचे ड्रायव्हर दिसायला गरीब असले तरी पेटण्याच्या क्षणी एकदम तोंड घालतात. आतल्या टिकल्या जळतात, नाहीतर वितळून कायमच्या चिकटतात. जळल्या तर सॉकेट कधीच चालू होत नाही, चिकटल्या तर कधीच बंद होत नाही, आणि घड्याळ दोन्ही वेळा निर्विकार. उपाय काँटॅक्टरचा: टायमरनं फक्त काँटॅक्टरची कॉइल चालवायची, लोड काँटॅक्टरनं वाहायचा. पण २३० व्होल्टची कॉइल साधारण १९५ च्या खाली नीट ओढेल याची हमी नसते. सांजेला सगळ्या गावाचे दिवे, टीव्ही नि मिक्सर लागले, व्होल्टेज ढासळलं, की काँटॅक्टर धड लागत नाही, धड सुटत नाही, नुसता टर्रर्र वाजत राहतो. तेव्हा शेजारची आजी विचारते, “आरं, डब्यात काय बेडूक धरून ठेवलाय का?”

राहता राहिला डिजिटल टायमर. बटणं जेमतेम अर्धा डझन आणि त्यांत हजार वाटा. सोमवार ते शुक्रवार असा गट नकळत निवडला गेला तर शनिवारी-रविवारी तो सुटीवर. काही मॉडेलांत एकच बटण चार वेळा दाबल्यावर उघडणारं कुलूप असतं. ते पुसताना फडक्यानं लागतं आणि उघडायचं कसं हे माहितीपत्रकात असतं, जे खोक्याबरोबर बंबात गेलेलं असतं. पण त्याची खरी गंमत पोल्ट्रीच्या शेडमध्ये बघावी. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना सूर्याचा उजेड धरून दिवसाकाठी सोळा तासांच्या आसपास प्रकाश लागतो. उरलेला दिव्यांनी द्यायचा. टायमर बंद पडला तर कोंबड्या तोंडानं सांगत नाहीत, अंड्यांच्या ट्रेमध्ये सांगतात.

ट्रे हलके झाले म्हणून वायरमनला बोलावणं जातं. तो येतो, डबा उघडतो, स्क्रू सोडून आवळतो, टेस्ट लँप लावतो आणि या वेळी खरोखर बरोबर रोग ओळखतो: कॉमनला लूपच नाही. लूप मारतो, मेन चढवतो, टायमर ‘ऑटो’वर टाकतो. दिवे लागायची वेळ सहा. हे सगळं होईपर्यंत साडेसहा झालेले. आता पुष्कळ डिजिटल टायमरांची रीत अशी की दिलेली वेळ आली त्या मिनिटालाच ते स्विच हलवतात. सहा वाजून गेले म्हणजे आजचा मोका गेला. ते उद्याच्या सहाची वाट बघत बसतात. आधी हातानं चालू करून मग ऑटोवर आणलं असतं तर दिवे लागले असते आणि ठरलेल्या वेळी विझलेही असते. पण शेडमध्ये अंधार. कोंबड्या गप्प, मालक गप्प, मालकाचा मेहुणा मात्र म्हणतो, “मी म्हटलं न्हवतं, ह्यो टायमरच डुप्लिकेट हाय?”

वायरमन कपाळावरचा घाम पुसतो, मेन पाडतो, पेचकस काढतो आणि आपण मारलेला लूप पहिल्यांदा सोडतो.